घरचा वनवास

वनवासाची कथा आपल्याकडे प्रत्येक मूल ऐकतें. राम चौदा वर्षें वनांत राहिला, पांडव तेरा वर्षें भटकले; पण अखेरीस ते आपल्या नगरीं परत आले, आणि ऐकणाऱ्याच्या मनाचें समाधान झालें. वनवासाचें दुःख आपण सहन करतों तें या शेवटावर भरंवसा ठेवून. इतिहास मात्र पुराणिकासारखा दयाळू नसतो. ज्याचा खरा वनवास घरीं परतल्यावर सुरू झाला, अशा एका चेक वैमानिकाचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. त्याचें नांव फ्रांतिशेक फायट्ल.

फायट्लचा जन्म १९१२ सालीं बोहेमियाच्या वायव्य भागांत, लाउनी शहराजवळील दोनीन या खेड्यांत झाला. तो सहा वर्षांचा असतां चेकोस्लोव्हाकिया हें राष्ट्र जन्मास आलें. म्हणजे तो आणि त्याचा देश जवळजवळ बरोबरच वाढले. या देशानें सैन्य उभारलें, सरहद्दीवर तटबंदी केली, उत्तम विमानें बांधलीं. परंतु सप्टेंबर १९३८ मध्यें म्यूनिक येथें चार राष्ट्रांच्या पुढाऱ्यांनीं त्याचा सरहद्दीचा मुलूख हिटलरास देऊन टाकला, आणि ज्याचा मुलूख जावयाचा त्याला त्या बैठकींत बसूंही दिलें नाहीं. १५ मार्च १९३९ रोजीं जर्मन फौजा प्रागमध्यें शिरल्या. लढण्याची तयारी असलेलें सैन्य जवळजवळ न लढतांच विसर्जित झालें. त्या पिढीच्या सैनिकांच्या मनांत ही न झालेली लढाई कायमची सलत राहिली. पुढें त्यांनीं जें जें केलें त्याचें मूळ आम्हांस या सलांत दिसतें.

शेंकडों वैमानिक त्या वर्षीं गुपचूप सरहद्द ओलांडून पोलंडमध्यें गेले. फायट्ल त्यांत होता. तेथून ते फ्रान्समध्यें पोंचले. युद्ध अद्याप जाहीर झालें नव्हतें, म्हणून फ्रेंच कायद्यानें त्यांना परकीयांच्या भाडोत्री पलटणींत, म्हणजे 'फॉरिन लीजन'मध्यें, नांव नोंदवावें लागलें. युद्ध सुरू झालें. पण जून १९४० मध्यें फ्रान्सच कोसळलें, आणि हे लोक मिळेल त्या जहाजानें इंग्लंडला निघाले. इंग्रजी भाषा बहुतेकांस येत नव्हती. तरीही त्याच उन्हाळ्यांत ब्रिटनवरील हवाई युद्धांत ऐंशींहून अधिक चेकोस्लोव्हाक वैमानिक लढले. त्यांचीं स्वतंत्र पथकें निघालीं. कांहीं जण इतर पथकांत शिरले. योसेफ फ्रांतिशेक या चेक वैमानिकानें पोलिश पथकांतून लढून सतरा शत्रुविमानें पाडलीं, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरांत तो मरण पावला.

फायट्लही या युद्धांत होता. एप्रिल १९४२ मध्यें १२२ व्या पथकाचें आधिपत्य त्याजकडे आलें. निव्वळ ब्रिटिश पथकाचें नेतृत्व चेकोस्लोव्हाक वैमानिकास मिळण्याचा हा पहिलाच प्रसंग. आम्हां महाराष्ट्रीयांस आणखी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते: या पथकाचें अधिकृत नांव 'बाँबे' असें होतें. मुंबईहून आलेल्या देणगीच्या स्मरणार्थ तें ठेवलें गेलें. एक चेक मनुष्य ब्रिटिश सैन्यांत मुंबईच्या नांवाच्या पथकाचा नायक व्हावा, हा त्या जागतिक युद्धाचाच चमत्कार!

हें आधिपत्य थोडेच दिवस टिकलें. ५ मे १९४२ रोजीं उत्तर फ्रान्सवर त्याचें विमान पाडलें गेलें. तो जिवंत खालीं आला, पण शत्रूच्या मुलखांत. त्याच्यासारखा निर्वासित सांपडला, तर जर्मन लोक त्याला युद्धकैदी मानतील कीं राजद्रोही, याचा भरंवसा नव्हता. शिवाय मागें राहिलेले नातेवाईक त्यांच्या हातांत होते. सामान्य फ्रेंच माणसांनीं त्याला अन्न, कपडे आणि आसरा दिला. सारा फ्रान्स उभा ओलांडून तो पिरेनीज पर्वतापार स्पेनमध्यें गेला, तेथें पकडला गेला, आणि मिरांदा दे एब्रो येथील छावणींत डांबला गेला. त्याच वर्षींच्या ऑगस्टांत तो इंग्लंडला परतला. या प्रवासाचें वर्णन त्यानें पुढें पुस्तकरूपानें लिहिलें.

यानंतर त्यानें जें केलें तें आमच्या मतें सर्वांत विचार करण्याजोगें आहे. १९४४ च्या आरंभीं त्यानें वीसेक स्वयंसेवक वैमानिकांसह इंग्लंड सोडलें आणि तो सोव्हिएत रशियांत गेला. हेतु एकच: पूर्वेकडून आपली भूमि जवळ होती. तेथें चेकोस्लोव्हाक लढाऊ विमानांची स्वतंत्र पलटण उभी राहिली. फायट्ल तिचा नायक झाला. ऑगस्टच्या अखेरीस स्लोव्हाकियांत जर्मनांविरुद्ध उठाव झाला, आणि १७ सप्टेंबर १९४४ रोजीं ही पलटण चहूंकडून शत्रूनें वेढलेल्या प्रदेशांत, झोल्ना येथील गवताळ मैदानावर, आपल्या लाव्होच्किन विमानांसह उतरली. सुमारें सवा महिना ती तेथून लढली. उठाव मोडल्यावर विमानें निघून गेलीं. फायट्ल मात्र जमिनीवरील सोबत्यांबरोबर मागें राहिला आणि डोंगरांतून बर्फ तुडवीत त्यानें हिवाळा काढला.

असा हा मनुष्य. त्याच्यावर पश्चिमेचा पक्षपाती म्हणून बोट ठेवावें, तर तो पूर्वेकडे आपखुषीनें जाऊन लढलेला. तरीही फेब्रुवारी १९४८ मध्यें साम्यवादी पक्षानें सत्ता हातीं घेतल्यावर त्याला सैन्यांतून काढण्यांत आलें. जानेवारी १९५० मध्यें अटक झाली, आणि कोणताही खटला न चालवितां सतरा महिने मीरोव्हच्या जुन्या किल्ल्यांतील श्रमशिबिरांत ठेवण्यांत आलें. सुटल्यावर वाट्यास आलीं तीं मजुराचीं व हिशेबनिसाचीं कामें. तो एकटाच नव्हता. ब्रिटिश हवाई दलांत एअर मार्शलच्या पदास चढलेला एकमेव चेकोस्लोव्हाक कारेल यानोउशेक याला अठरा वर्षांची शिक्षा झाली. त्याची पत्नी यापूर्वींच जर्मनांच्या ऑश्वित्झ छावणींत मरण पावली होती. नात्सींनीं घर उद्ध्वस्त केलें, आणि ज्यांनीं तें पुन्हां उभें करावयाचें त्यांनीं तुरुंग दिला.

या लोकांचा अपराध काय? आमचें उत्तर असें: त्यांनीं कांहीं केलें हा त्यांचा अपराध नव्हता, ते साक्षी होते, हा होता. देशाची मुक्ति केवळ एकाच दिशेनें आली, असें नव्या राज्यास सांगावयाचें होतें. ब्रिटिश हवाई दलांत सेवा केलेले सुमारें अडीच हजार चेकोस्लोव्हाक, आणि त्यांपैकीं परत न आलेले सुमारें पांचशें, यांची नुसती आठवणही त्या सांगण्यास खोटें पाडीत होती. मेलेल्यांस विसरतां येतें. जिवंतांस गप्प बसवावें लागतें. परकी जुलूम शरीर बांधतो. स्वकीयांचा जुलूम त्याबरोबर गतकाळही बदलूं पाहतो.

फायट्ल गप्प बसला नाहीं, पण ओरडलाही नाहीं. तो लिहीत राहिला. पडलेल्या सोबत्यांच्या आठवणींचें पुस्तक त्यानें रचलें. १९८९ मध्यें ती राजवट कोसळली, तेव्हां तो सत्त्याहत्तर वर्षांचा होता. मग जनरलचें पद आलें, २००४ सालीं श्वेतसिंहाचें सर्वोच्च पदकही आलें. ४ ऑक्टोबर २००६ रोजीं, चौऱ्याण्णव वर्षांचा होऊन, तो निवर्तला.

यावरून न्याय अखेर होतोच, असा बोध काढण्यास आमचें मन घेत नाहीं. फायट्ल दीर्घायुषी होता म्हणून त्याला तो दिसला. यानोउशेक १९७१ मध्येंच गेला. त्याला त्याचा पूर्ण मान मरणोत्तरच मिळाला. राष्ट्रानें आपल्या वीरांचें ऋण त्यांच्या आयुष्याच्या लांबीवर सोडून द्यावें, ही लाजेची गोष्ट आहे. वनवासांतून परतणाऱ्यास नगरीचें दार उघडें मिळतें कीं नाहीं, हें त्याच्या पराक्रमावर ठरत नाहीं. आंत बसलेल्यांस सत्य कितपत सोसतें, यावर ठरतें.