दाबोळी नौदल विमानतळ (आयएनएस हंसा)

गोव्याच्या मुरगाव तालुक्यात, वास्को द गामा शहरालगतच्या जांभ्या दगडाच्या पठारावर वसलेला भारतीय नौदलाचा हवाई तळ. विमानवाहू नौकेवर जाणाऱ्या वैमानिकाला समुद्राचे तोंड पाहण्यापूर्वी जी विद्या जमिनीवरच हस्तगत करावी लागते, तिची ही मुख्य शाळा होय.

मात्र ही धावपट्टी नौदलाने बांधलेली नव्हे. भारताने गोव्याची आर्थिक कोंडी आरंभिली, तेव्हा बाहेरच्या जगाशी दळणवळण टिकवण्यासाठी पोर्तुगीज अंमलदारांनी १९५५ साली हा विमानतळ चालू केला व ‘ताइप’ नामक सरकारी हवाई संस्थेची विमाने कराचीकडे जाऊ लागली. १८ डिसेंबर १९६१ रोजी, गोवामुक्तीच्या लष्करी कारवाईत, पुण्याच्या लोहगाव तळावरून निघालेल्या भारतीय हवाई दलाच्या बारा कॅनबेरा विमानांनी धावपट्टीवर बाँब टाकले. मनोरा व इमारती मात्र हेतुपुरस्सर वगळल्या होत्या; आणि त्याच रात्री धावपट्टीच्या शाबूत भागावरून दोन पोर्तुगीज विमाने कराचीकडे निसटून गेली, ही त्या वैमानिकांच्या कौशल्याची साक्ष शत्रुपक्षाची असली तरी नोंदवली पाहिजे.

एप्रिल १९६२ मध्ये, मेजर जनरल कॅन्डेथ यांच्या लष्करी अंमलात, विमानतळाचा ताबा नौदलाकडे आला. ‘हंसा’ हे नाव मात्र कोइमतूरजवळच्या सुलूर येथून आलेले. महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या हवाई शाखेने वापरलेल्या त्या तळावर ५ सप्टेंबर १९६१ रोजी ‘हंसा’ची स्थापना झाली होती व जून १९६४ मध्ये ती दाबोळीस आली.

येथील शिक्षणाचे स्वरूप थोडे उकलून सांगणे अगत्याचे आहे. ‘सी हॉक’ हे लढाऊ विमान एकआसनी असल्यामुळे उमेदवाराचा हात प्रथम दोन आसनांच्या ‘व्हँपायर’वर बसवावा लागे. सामान्य विमान उतरताना नाक किंचित उचलून वेग मंद करते. नौकेच्या तक्त्यावर उतरणाऱ्यास तसली चैन परवडत नाही. उतार दाखवणाऱ्या प्रकाशबिंदूवर नजर खिळवून तो ठराविक उतारानेच खाली येतो आणि शेपटीची आकडी तारेत अडकली नाही तर पुन्हा उडता यावे म्हणून चाके टेकताक्षणीच इंजिनाला पूर्ण जोर देतो. ही कसरत अंगवळणी पडेपर्यंत धावपट्टीवरच पुनःपुन्हा करून घेतली जाते. या शिस्तीत तयार झालेल्या ‘सी हॉक’च्या तुकडीने ४ डिसेंबर १९७१ रोजी ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेवरून उड्डाण करून पूर्व पाकिस्तानातील कॉक्स बझारवर हल्ला केला.

१६ डिसेंबर १९८३ रोजी पहिली ‘सी हॅरिअर’ विमाने दाबोळीस उतरली. २०१३ मध्ये ‘मिग-२९ के’ची तुकडी येथे स्थापन झाली. पुढे चौदा अंशांचा चढ असलेली उड्डाणपट्टी व अडवणाऱ्या तारा यांनी युक्त अशी चाचणीची सोयही येथे झाली. तीवरून नौदलाच्या हलक्या लढाऊ विमानाने २० डिसेंबर २०१४ रोजी प्रथम उड्डाण केले. म्हणजे नौकेचा तक्ताच जणू पठारावर आणून बसवला.

एकाच धावपट्टीवर मुलकी व लष्करी कारभार चालवण्याची तडजोड कधीच सुखाची नव्हती. सकाळचे तास नौदलाच्या सरावासाठी राखून ठेवल्याने प्रवासी विमानांची कुचंबणा होई, आणि पर्यटनावर पोट असलेल्या मुलखात ती तक्रार रास्तच म्हटली पाहिजे. पेडणे तालुक्यातील मोपा येथील विमानतळ जानेवारी २०२३ पासून वाहतुकीस खुला झाला. तथापि दाबोळीची मुलकी वाहतूक त्यानंतरही चालू राहिली.

जवळच बोगमाळो येथे १९९८ पासून नौदलाचे हवाई संग्रहालय आहे. त्यात ‘सी हॉक’ व ‘अलीझे’ यांच्या शेजारी, पूर्वी एअर इंडियाकडे असलेले व वेरूळच्या लेण्यांवरून ‘रानी ऑफ एलोरा’ असे नाव मिळालेले ‘सुपर कॉन्स्टेलेशन’ विमानही पाहावयास मिळते.