थिन क्लायंट आणि ओपन सोर्स रिमोट डेस्कटॉप: जुने कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी हे वाचा

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला. तेव्हापासून घाटकोपर-मुलुंडकडचे क्लासवाले आणि छोटे ऑफिसवाले मला एकच विचारतात: विंडोज 11 न चालणारी मशीन फेकायची का? मी म्हणतो, थांबा. त्यांचे थिन क्लायंट करता येतात.

थिन क्लायंट म्हणजे काय?
सगळी कामं एका दमदार सर्व्हरवर चालतात. टेबलावरचं मशीन फक्त स्क्रीन दाखवतं आणि कीबोर्ड-माऊसचे इशारे सर्व्हरकडे पाठवतं. म्हणून 2 जीबी रॅमचा कॉम्प्युटरही हलक्या लिनक्सवर हे काम आरामात करतो.

कोणतं सॉफ्टवेअर कशासाठी?
- एक्सआरडीपी: लिनक्स सर्व्हरवर बसवायचं. विंडोजचाच आरडीपी प्रोटोकॉल वापरतं.
- रेमिना: क्लायंटवर बसवायचं. आरडीपीसाठी आतून फ्रीआरडीपी वापरतं.
- एक्सटूगो: लिनक्स सर्व्हरसाठीच. सगळी ये-जा एसएसएचमधून होते. बोरिवलीच्या घरून अंधेरीच्या ऑफिसात काम करायचं आणि नेट हळू असेल, तर मी हेच सुचवतो.
- एलटीएसपी: 1999 पासूनचा प्रकल्प. हार्ड डिस्क नसलेलं मशीन नेटवर्कवरून सुरू करतो. मात्र 2019 मध्ये नव्याने लिहिलेल्या आवृत्तीत प्रोग्रॅम क्लायंटवरच चालतात. मशीन कमजोर असेल तर सोबत एक्सआरडीपी किंवा एक्सटूगो लागतंच.

'फुकट' कुठपर्यंत?
लिब्रेऑफिस, ब्राउझर, प्रोग्रॅमिंगचे क्लास यांना लिनक्स सर्व्हर पुरतो, लायसन्सचा खर्च नाही. पण टॅली विंडोजवर चालतं. विंडोज 11 प्रोमध्ये रिमोटने एका वेळी एकच जण काम करू शकतो. पाच जण हवे असतील तर विंडोज सर्व्हर आणि माणसामागे किंवा मशीनमागे एक आरडीएस कॅल विकत घ्यावं लागतं. क्लायंटवर रेमिना टाकलं म्हणून तो खर्च टळत नाही. कोटेशन घेताना ही ओळ आधी बघा.

बसवण्याआधी
- वायफाय टाळा. गिगाबिट स्विच आणि केबल वापरा.
- सर्व्हर बंद पडला की सगळेच हात बांधून बसतात. यूपीएस आणि रोजचा बॅकअप हवाच.
- सर्व्हरचा 3389 पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवू नका. पासवर्ड फोडणारे प्रोग्रॅम तो सतत शोधत असतात आणि रॅन्समवेअर अनेकदा याच वाटेने शिरतं. बाहेरून यायचं तर वायरगार्डसारखा व्हीपीएन लावा.
- सगळे एकदम व्हिडिओ बघणार असतील तर ही पद्धत नको.
- जुना कॉम्प्युटर थिन क्लायंट केला तरी वीजबिल फारसं उतरत नाही. ती बचत छोट्या तयार थिन क्लायंट डब्यांत होते.

सुरुवात दोन मशीनपासून करा. आठवडाभर रोजचं खरं काम त्यावर करून बघा, मग बाकीच्यांचं ठरवा.