क्राफ्ट पेपरच्या कात्रणांपासून घरच्या घरी हातकागद कसा बनवायचा? कोणते तुकडे चालतात, कोणते नाही?

शाळेचा प्रोजेक्ट किंवा वाढदिवसाची सजावट झाली की घरात रंगीत कागदांच्या कात्रणांचा ढीग उरतो. रील्समध्ये हे तुकडे मिक्सरमधून फिरवून जाळीवर पसरले की काही सेकंदांत सुंदर कागद तयार झालेला दिसतो. प्रत्यक्षात मात्र अनेकांचा पहिला कागद उचलतानाच फाटतो, नाहीतर त्यावर शाई फुटते. असं का होतं आणि ते कसं टाळायचं, ते समजून घेऊ.

कागद तयार कसा होतो?

कागद म्हणजे वनस्पतींच्या सूक्ष्म तंतूंचा थर. भिजवून घुसळल्यावर हे तंतू पाण्यात सुटे होतात. जाळीवर घेतल्यावर ते एकमेकांत गुंततात आणि पाणी निघून जाताना एकमेकांना घट्ट धरतात. त्यासाठी डिंक लागत नाही.

मात्र प्रत्येक पुनर्वापरात तंतू आखूड होत जातात. लाकडाच्या लगद्यापासून केलेला कागद साधारण 5 ते 7 वेळाच पुन्हा वापरता येतो, असं मानलं जातं. सुती चिंध्यांचे तंतू लांब आणि मजबूत असतात, म्हणून त्यांचा हातकागद जास्त टिकतो. छत्रपती संभाजीनगरजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागदाची जुनी परंपरा आहे. तर राजस्थानातल्या सांगानेरमध्ये आजही हा मोठा व्यवसाय आहे.

कोणते तुकडे घ्यायचे?

- चालतात: साधा रंगीत कागद, कार्डशीट, ओरिगामीचे कागद, वहीची पानं, प्रिंटरचा कागद, चमक नसलेल्या लग्नपत्रिका.
- थोडेच घ्या: वर्तमानपत्र. त्याचा लगदा करडा होतो, कागद कमकुवत राहतो आणि पुढे पिवळा पडतो. क्रेप पेपरचा रंग पाण्यात सुटतो, त्यामुळे तो वेगळा भिजवा.
- अजिबात नको: ग्लिटर पेपर, सोनेरी-चंदेरी फॉइल, लॅमिनेशन, चिकटपट्टी, स्टिकर आणि दुकानातली थर्मल पावती. ग्लिटर हे बहुतेक वेळा प्लास्टिकच असतं. ते विरघळत नाही आणि पाण्याबरोबर थेट गटारात जातं.

शंका असेल तर कागद फाडून पाहा. कडेला पातळ पापुद्रा ताणला गेला, तर त्यावर प्लास्टिक आहे. सगळे रंग एकत्र केले तर लगदा मळकट होतो, म्हणून तुकडे रंगांनुसार वेगळे करा.

किती कागद लागतो?

80 जीएसएमचा एक ए-4 कागद सुमारे 5 ग्रॅमचा असतो. तेवढ्यात साधारण 160 जीएसएमचा, म्हणजे ग्रीटिंग कार्डाएवढा जाड, एक ए-5 कागद होतो. टबमध्ये थोडा लगदा शिल्लक राहतोच, त्यामुळे दहा कागद हवे असतील तर 12-13 ए-4 कागदांएवढी कात्रणं घ्या.

कृती

1. स्टेपलर पिना काढा. कागदाचे 2-3 सेंटिमीटरचे तुकडे हाताने फाडा आणि रात्रभर पाण्यात भिजवा. फाडल्याने तंतू कात्रीपेक्षा कमी तुटतात.
2. मूठभर तुकड्यांना 3-4 कप पाणी घेऊन मिक्सर थांबत थांबत फिरवा. फार वेळ फिरवल्यास तंतू आखूड होतात. पाणी कमी पडलं तर मोटर तापते. हे भांडं स्वयंपाकाला वापरू नका.
3. टबमध्ये पाणी घेऊन त्यात लगदा मिसळा. मिश्रण पातळ ताकासारखं हवं.
4. जुन्या फोटोफ्रेमला मच्छरदाणीची जाळी ताणून लावा. ती टबमध्ये तिरकी बुडवा, आडवी करा आणि सरळ वर उचला. पाणी गळत असतानाच हलकेच डावीकडे-उजवीकडे हलवा. थर सगळीकडे सारखा बसतो.
5. ओल्या सुती कापडावर जाळी पालथी घाला. मागून स्पंजने पाणी टिपा आणि एका कडेने जाळी उचला. कागद फाटत असेल तर थर फार पातळ आहे. टबमध्ये आणखी लगदा घाला.
6. वर दुसरं कापड ठेवून दोन पाटांमध्ये दाबा. मग कापडासकट सावलीत वाळवा. दाब न देता वाळवलेला कागद वाकडा होतो आणि तंतूही सैल राहतात.

शाई का फुटते?

नुसत्या लगद्याचा कागद टिपकागदासारखा शाई शोषतो. त्यावर उपाय म्हणजे खळ. वाळलेल्या कागदाला पातळ खळ ब्रशने लावा, पुन्हा वाळवा आणि गुळगुळीत दगडाने किंवा वाटीच्या तळाने घोटा. जुने कारागीरही कागदाला खळ देऊन दगडाने घोटत. आतली पोकळी भरली की शाई पसरत नाही.

उरलेला लगदा आणि पाणी

लगदा बेसिनमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो. कापडातून गाळा, पिळून गोळे करा आणि उन्हात कडक वाळवा. पुढच्या वेळी भिजवून पुन्हा वापरता येतात. ओला लगदा दोन-तीन दिवसांत आंबून वास मारतो.

गाळलेलं पाणी पुढच्या घाण्यासाठी वापरा. त्यात शाई आणि रंग असतात, म्हणून ते भाजीच्या कुंड्यांना घालू नका.