दिक्कुमारींचा वारसा : कमलाताई होस्पेट आणि नागपूरची मातृसेवा

तीर्थंकरांच्या जन्मकल्याणकाचे वर्णन ऐकताना मेरुपर्वतावरील अभिषेकाचा थाट सर्वांच्या ध्यानात राहतो. त्याआधी घडणारा प्रसंग मात्र सहसा विस्मरणात जातो. अभिषेकापूर्वी छप्पन दिक्कुमारी मातेच्या सूतिकागृही येतात. त्या भूमी झाडून स्वच्छ करतात, सुगंधी जलाचे सिंचन करतात, बालकाची नाळ कापतात, माता व पुत्र दोघांना स्नान घालतात. हेमचंद्राचार्यांनी ‘त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रा’त हे सूतिकर्म वर्णिले आहे आणि स्नात्रपूजेत त्याचे स्मरण भक्तिभावाने केले जाते. देवाधिदेवांची पहिली सेवा घडली ती सुईणीच्या कामातून, हे येथे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे.

व्यवहारात मात्र समाजाने या कामाला कोणते स्थान दिले? सुईण परसदाराने येई आणि परसदारानेच जाई. बाळंतिणीची खोली घरातील सर्वांत अंधारी. सोयराच्या भयाने तेथे कोणी फिरकत नसे. ज्या घरांत कापडाच्या ठाणांची रास लागलेली असे, तेथेही बाळंतिणीच्या वाट्याला जुनेर येई. कारण त्या खोलीत गेलेले वस्त्र पुन्हा वापरात घ्यायचे नसे. नाळ विळ्याने कापली जाई. नवजात अर्भकाला होणारा धनुर्वात आणि मातेला येणारा सूतिकाज्वर हे दैवाचे खेळ मानले जात. वस्तुतः प्रसूती करणाऱ्याने हात निर्जंतुक केल्यास सूतिकाज्वर टळतो, हे व्हिएन्नाचे डॉक्टर सेमेलवाइस यांनी 1847 मध्येच दाखवून दिले होते. ते ज्ञान भारतीय माजघरापर्यंत पोहोचायला मात्र फार काळ लागला.

स्त्रियांना स्त्रियांकडूनच वैद्यकीय साहाय्य मिळावे, या हेतूने 1885 मध्ये लेडी डफरिन यांच्या नावे निधी उभा राहिला. ठिकठिकाणी रुग्णालये निघाली. नागपुरातही डफरिन रुग्णालय झाले. परंतु तेथे काम शिकणार कोण? उच्चवर्णीय कुटुंबे आपल्या लेकी-सुना या ‘विटाळा’च्या कामाला पाठविण्यास तयार नव्हती. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या 1909 च्या सेवासदनाने हा अडसर दूर करण्याचा यत्न केला. नागपूरला त्याच वाटेने जाणारी एक तरुणी लाभली, ती म्हणजे कमलाताई होस्पेट.

कमलाताईंचा जन्म 1896 मध्ये खानदेशातील शिरपूरचा. बालवयात विवाह आणि कोवळ्या वयातच वैधव्य, ही त्या काळच्या असंख्य मुलींची कहाणी त्यांच्याही वाट्याला आली. अशा मुलीपुढे समाजाने एकच मार्ग ठेवला होता : अलवण नेसून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आयुष्य कंठणे. मंगलकार्यात तिचे दर्शनसुद्धा अशुभ मानले जाई. कमलाताईंनी परिचारिकेचे व सुईणीचे शिक्षण घेण्याचा निर्णय केला आणि त्या डफरिन रुग्णालयात दाखल झाल्या. या निर्णयाचे मोल आज सहज कळणार नाही. जिची सावली शुभकार्याला चालत नव्हती, तिच्याच हातांत नवा जीव जगात यावा, याहून त्या रूढीला दुसरे कोणते समर्पक उत्तर असू शकले असते?

डिसेंबर 1920 मध्ये नागपुरात काँग्रेसचे ऐतिहासिक अधिवेशन भरले. वर्ध्याचे व्यापारी जमनालाल बजाज त्याचे स्वागताध्यक्ष होते. असहकाराचा ठराव पक्का झाला आणि शहरात सेवेचे व स्वावलंबनाचे वारे वाहू लागले. पुढील वर्षी, 1921 मध्ये, कमलाताईंनी सहकारी वेणूताई नेने यांच्या साहाय्याने ‘मातृसेवा संघा’ची स्थापना केली. आरंभ झाला तो अवघ्या चार खाटांच्या प्रसूतिगृहाने.

या चार खाटांचे पुढे काय झाले, हे नागपूरकरांना सांगण्याची गरज नाही. धंतोलीला लागून असलेल्या सीताबर्डीत आणि तिकडे महालात संघाची प्रसूतिगृहे उभी राहिली. विदर्भात शाखा निघाल्या. 1958 मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था सुरू झाली; मतिमंद मुलांसाठी ‘नंदनवन’ आणि वृद्धांसाठी ‘पंचवटी’ आकारास आली. सुईणीच्या कामातून निघालेला प्रवाह जीवनाच्या अखेरच्या टोकापर्यंत पोहोचला. 1961 मध्ये शासनाने कमलाताईंना पद्मश्री देऊन गौरविले. 1980 मध्ये त्यांना जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. 1981 मध्ये त्यांची जीवनयात्रा संपली.

आज धंतोली ही रुग्णालयांची वस्ती म्हणून ओळखली जाते. महाराष्ट्रात दर लाख जीवंत जन्मांमागे होणाऱ्या मातामृत्यूंचे प्रमाण 2018 ते 2020 या काळात 33 इतके खाली आले. त्या वेळी देशाची सरासरी 97 होती. तरीही सुईणीचे महत्त्व सरलेले नाही. केंद्र शासनाने 2018 मध्ये प्रशिक्षित प्रसूती-परिचारिका घडविण्याची स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2020 हे वर्ष परिचारिका व सुईणींचे वर्ष म्हणून पाळले. यंत्रे वाढली, तरी कळा सोसणाऱ्या स्त्रीचा हात धरणारे माणूस लागतेच.

तत्त्वार्थसूत्रात सहा आभ्यंतर तपे सांगितली आहेत. त्यांतील एक वैयावृत्त्य, म्हणजे सेवा. मूलतः ती साधू-साध्वींच्या सेवेसाठी सांगितली असली, तरी सेवेची गणना तपात करणारी ही दृष्टी श्रावकाच्या जीवनालाही मार्ग दाखविते. दानांमध्ये औषधदान आणि अभयदान यांची थोरवी मोठी. प्रसूतीच्या वेळी माता आणि अर्भक या दोघांनाही अभय देणारे काम त्याहून वेगळे कसे मानावे?

जैन समाजाने दवाखान्यांना, धर्मशाळांना सढळ हाताने दिले आहे. दानपाटीवर नावे कोरली गेली, ते योग्यच झाले. परंतु घरातील एखादी लेक ‘मला परिचारिका व्हायचे आहे’ असे म्हणते, तेव्हा अनेक घरांत अजूनही शांतता पसरते. डॉक्टर चालते, परिचारिका चालत नाही. धन देणे सोपे, आपले माणूस देणे अवघड. सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी संस्थेने आणि समाजाने या शांततेचा विचार करावा, आणि अशा एका तरी मुलीच्या शिक्षणाचा भार आनंदाने उचलावा. दिक्कुमारींच्या सूतिकर्माचे स्मरण करणाऱ्या समाजाला तेच शोभून दिसेल.