ताळेबंदाबाहेरचा शेजारी

'जमाखर्च' हा शब्द मराठीत इतका मुरला आहे, की त्यातले 'जमा' आणि 'खर्च' हे दोन्ही अरबी-फारसीच्या वाटेने आले, हे आपल्या ध्यानातही येत नाही. मी कवितेचा माणूस, पण शब्दांचा माग काढता काढता हिशेबाच्या वहीपर्यंत पोचलो. या वहीत कोणती नोंद करायची आणि कोणती सोडायची, हे कोण ठरवते? त्या प्रश्नाचाच थोडा इतिहास आज सांगायचा आहे.

कंपन्यांचा वार्षिक अहवाल मुळात भागधारकांसाठी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये एक कसोटी घालून दिली. मत देताना समंजस भागधारकाला जी माहिती महत्त्वाची वाटण्याची दाट शक्यता आहे, ती 'मटेरिअल', म्हणजे सांगायलाच हवी अशी. कारखान्याच्या भिंतीला लागून राहणारा माणूस भागधारक नसतो. त्यामुळे तो या कसोटीत बसतच नव्हता.

भोपाळमध्ये याचा अर्थ कळला. डिसेंबर १९८१ मध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यात फॉस्जीन वायूने एका कामगाराचा जीव घेतला. मे १९८२ मध्ये कंपनीच्याच अमेरिकेहून आलेल्या तपासनीसांनी विषारी द्रव्य सुटण्याचा धोका अहवालात नोंदवला. पत्रकार राजकुमार केसवानी त्याच वर्षी आपल्या छोट्या साप्ताहिकातून शहराला सावध करत होते. पुढे २ डिसेंबर १९८४ ची रात्र आली, आणि झोपेतली हजारो माणसे गेली. धोका कागदावर होता. तो कागद वस्तीपर्यंत मात्र पोचला नव्हता.

त्यानंतर कायदे हलले. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने कारखान्यांना हवेत-पाण्यात सोडलेल्या विषारी रसायनांची वार्षिक आकडेवारी लोकांपुढे ठेवणे भाग पडले. आपल्याकडे १९८७ मध्ये फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती होऊन धोकादायक कारखान्यांची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांना देणे बंधनकारक झाले.

मार्च १९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्याजवळ 'एक्सॉन व्हॅल्डीझ' या जहाजातून सुमारे ४ कोटी लिटर तेल समुद्रात सांडले. त्याच वर्षी अमेरिकेतले काही गुंतवणूकदार आणि पर्यावरणवादी 'सेरेस' या संस्थेत एकत्र आले. तिच्या पुढाकाराने १९९७ मध्ये बोस्टनला 'ग्लोबल रिपोर्टिंग इनिशिएटिव्ह' सुरू झाली आणि २००० मध्ये अशा अहवालांची पहिली जागतिक मार्गदर्शिका निघाली.

तेव्हापासून दोन नजरा आहेत. पाणी आटले तर कंपनीच्या नफ्याचे काय, ही एक. कंपनीने पाणी उपसले तर गावच्या विहिरींचे काय, ही दुसरी. २०२३ मध्ये आलेली आंतरराष्ट्रीय हिशेबमानके पहिल्या नजरेवर भर देतात. युरोपच्या २०२२ च्या कायद्याने दोन्ही नजरांनी पाहायला सांगितले. दुसऱ्या नजरेने पाहताना हानी किती गंभीर, किती लोकांची, भरून निघण्यासारखी आहे का, हे तपासायचे असते. आणि ते लोकांना विचारल्याशिवाय कळत नाही.

आपल्या 'सेबी'ने २०१२ मध्ये बाजारमूल्याने पहिल्या १०० कंपन्यांपासून सुरुवात केली. २०२२-२३ पासून पहिल्या १,००० कंपन्यांना सविस्तर अहवाल देणे सक्तीचे आहे. पाण्याचा वापर, कचरा, कामगारांचे अपघात, परिसरातल्या लोकांच्या तक्रारी, सगळ्यांचे रकाने त्यात आहेत. कोणते प्रश्न महत्त्वाचे आणि का, हेही लिहावे लागते. पण ती निवड कंपनीच करते, आणि अहवाल बहुधा इंग्रजीत असतो.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. गावाजवळचा कारखाना या हजारांतल्या एखाद्या कंपनीचा असेल, तर कॉलेजात शिकणाऱ्या मुला-मुलींनी तो अहवाल उघडावा आणि चावडीवर मराठीत वाचून दाखवावा. तक्रारींच्या रकान्यात शून्य असेल, तर गावात खरेच कुणाची तक्रार नाही का, हे विचारावे. भोपाळच्या वस्तीला असे विचारण्याची संधी मिळाली नव्हती.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)