७२.७१ मीटरचा मनोरा आणि गोळेश्वरचा पैलवान

हेलसिंकीच्या ऑलिंपिक स्टेडियमला एक पांढराशुभ्र मनोरा आहे. उंची ७२.७१ मीटर. 'साधारण बहात्तर' वगैरे नाही, बरोब्बर ७२.७१! १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये फिनलंडच्या मॅटी यार्विनेनने इतक्या लांब भाला फेकून सुवर्णपदक जिंकलं होतं, म्हणून मनोराही तेवढाच. एका खेळाडूची नोंद सेंटिमीटरसकट काँक्रीटमध्ये ओतणारा देश! आपल्यासारख्या डेटाबेसवाल्यांना हे आवडणारच.

तर मंडळी, जून-जुलैत हेलसिंकीला जाणं झालं (ऑनसाइट म्हणा, सुट्टी म्हणा), तर लोक आधी सुओमेनलिन्नाचा किल्ला दाखवतात. दाखवावाच. बाजारचौकातून फेरीने पंधरा मिनिटांत पोचता येतं. स्वीडिश लोकांनी १७४८ साली बांधायला घेतलेला हा किल्ला १८०८ मध्ये फारसा न लढताच रशियाच्या हाती गेला, आणि १९१८ मध्ये स्वतंत्र फिनलंडने त्याला आजचं नाव दिलं. एक दिवस त्याला द्या. पण अर्धा दिवस ट्योलो भागासाठी, म्हणजे या स्टेडियमच्या परिसरासाठी राखून ठेवा. का, ते सांगतो.

स्टेडियम उघडलं जून १९३८ मध्ये. त्याच महिन्यात तिथे १०० मीटरची शर्यत झाली. अब्राहम तोकाझिएर नावाचा धावपटू पहिला आला. रेषा ओलांडतानाचा फोटो आहे, त्यात तो स्पष्ट पुढे दिसतो. पण अधिकृत निकालात त्याला चौथा नंबर मिळाला! तोकाझिएर ज्यू होता, आणि त्यामुळेच निकाल फिरवला गेला असं मानलं जातं. हा निकाल दुरुस्त व्हायला २०१३ साल उजाडलं. तब्बल ७५ वर्षं! तोवर तो हयातही नव्हता. म्हणजे मनोऱ्यात एक-एक सेंटिमीटर मोजलेला, आणि त्याच्याच सावलीत पहिल्याचा चौथा केलेला.

पुढे टोकियोने माघार घेतल्यावर १९४० चं ऑलिंपिक हेलसिंकीला मिळालं, आणि महायुद्धात बुडालं. शेवटी १९५२ मध्ये ते इथे भरलं. पावो नुर्मी मशाल घेऊन मैदानात आला, झाटोपेकने ५,०००, १०,००० आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णं नेली. हे सगळं पुस्तकांत सापडतं. आपला माणूस मात्र या मैदानात नव्हता. तो जवळच्याच मेस्सुहालीत होता. हे १९३५ चं प्रदर्शनगृह, कुस्त्या तिथे झाल्या. नंतर त्याचं ट्योलोचं क्रीडागृह झालं.

आपला माणूस म्हणजे खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचा, तांबड्या मातीत तयार झालेला. १९४८ ला लंडनमध्ये सहावा आला होता. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली, पण भागेना. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. विद्यार्थ्यासाठी घर! आज होम लोनचे हप्ते भरताना हा आकडा आठवून बघा.

बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडाच्या पोलिकॅनला आणि मेक्सिकोच्या बासुर्तोला चितपट केलं. मग जपानच्या इशीईशी दमछाक करणारी लढत झाली. इशीई जिंकला. (त्या ऑलिंपिकमधलं जपानचं एकमेव सुवर्ण त्याचंच.) ती कुस्ती संपते न संपते तोच खाशाबांना रशियाच्या मामेदबेकोव्हसमोर उभं राहायला सांगितलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती हा नियम होता. पण नियम आहे हे ठासून सांगायला तिथे कोणी तरी हवं ना? आपल्या पथकातला एकही अधिकारी हजर नव्हता. थकलेले खाशाबा हरले. कांस्यपदक.

अर्धा तास मिळाला असता तर ते जिंकलेच असते, असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण तोकाझिएरचा निदान फोटो होता, तो कधी तरी दाखवता आला. न मिळालेल्या अर्ध्या तासाचा फोटो कसा काढणार? पदकतालिकेत फक्त 'कांस्य' उरतं, त्यामागची गैरहजेरी कुठेच नोंदली जात नाही.

गावाने मात्र कसर ठेवली नाही. शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवून पैसा उभा केला आणि आधी खर्डेकरांचं घर सोडवलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडलं, अटलांटात लिएंडर पेसचं. खाशाबा १९८४ मध्ये रस्ते अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला.

तेव्हा हेलसिंकीत मनोऱ्याचा फोटो काढाच. पण मग जवळच असलेल्या त्या जुन्या प्रदर्शनगृहाकडेही चालत जा, आणि सोबतच्या सहकाऱ्याला, तो फिनिश असला तरी, सांगा की इथे आमच्या कराडकडचा एक पैलवान लढला होता. बरोबर कोणी नसताना.