भाज्याची काजळी

गेल्या दिवाळीत नातवाला घेऊन भाज्याची लेणी पाहायला गेलो होतो. मळवली स्टेशनावर उतरलो, गाव ओलांडले आणि रमतगमत पायऱ्या चढलो. चैत्यगृहात शिरताच चिरंजीवांनी खिशातून पणती काढली.

"आजोबा, इथं लावू या ना!"

मी साफ नाही म्हटले. २७ अष्टकोनी खांबांवर पेललेल्या त्या छताला दोन हजार वर्षांहून जुन्या लाकडी कमानी आहेत. त्या लाकडावर ब्राह्मी अक्षरेही सापडली, म. न. देशपांडे यांनी १९५९ साली ती प्रसिद्ध केली. असल्या लाकडाखाली जाळ कोण करील? स्वारी रुसली. पण रुसव्यातही वर पाहून प्रश्न आलाच : "मग हे काळं कशानं झालं?"

लहानपणी मला याचे उत्तर मिळाले होते : भिक्षूंच्या दिव्यांची काजळी. आता ते पटत नाही. लाकूड वयानेही काळवंडते. शिवाय नीट लावलेला दिवा आपली काजळी आपणच खातो. वातीतून चढलेल्या तेलाची वाफ होते. ज्योतीच्या पोटात हवा पोचत नाही, तिथे नुसत्या उष्णतेने ती वाफ फुटते आणि कोळशाचे अतिसूक्ष्म कण जन्मतात. ते तापून पिवळे चमकतात. दिव्याचा उजेड म्हणतात तो बहुतेक या काजळीचाच! ज्योतीच्या कडेला हवा भेटली की कण जळून जातात. मायकेल फॅरेडेने १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या मुलांना मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली, त्यांत हे प्रयोगाने दाखवले होते.

वात फार वर काढली किंवा वारा लागला, की कण जळायचे राहतात आणि धूर होतो. ओल्या लाकडाच्या जाळाचे तर विचारूच नका. म्हणून कुठल्याही लेण्याच्या छतावर काजळी दिसली, की मला आधी शंका येते ती पावसात आसऱ्याला आलेल्या वाटसरूंच्या चुलीची. बिचारे भिक्षू उगाच बदनाम!

घरी आल्यावर आमच्या हिने एरंडेलाची पणती लावली आणि ज्योतीत तांब्याची ताटली धरली. थंड तांब्याला टेकलेले कण तिथेच थिजले. ताटलीवर मखमलीसारखा काळा थर धरला. नातवाचा रुसवा तेव्हा गेला. त्याने बोटाने काजळ टिपले आणि गालबोट लावले ते माझ्याच गालाला.